हातपंपाला लाल रंग मारला, आता पुढे काय? दूषित उद्भवाच्या बदल्यात नवा उद्भव कसा मिळवायचा

गावातल्या हातपंपाला लाल रंग मारून, त्यावर 'पाणी पिण्यास अयोग्य' असं लिहून माणसं निघून गेली असतील, तर सरकारचं निम्मंही काम झालेलं नाही. वाईट पाणी बंद करायला एक डबा रंग पुरतो. त्याच्या जागी चांगल्या पाण्याचा उद्भव, म्हणजे विहीर, बोअर किंवा धरणासारखी पाणी मिळायची जागा, शोधून देणं हे खरं काम, आणि ते शासनाचंच आहे. बाया लाल हातपंपावरूनच गुंड-हंडे भरत राहतात, कारण दुसरं पाणी दीड किलोमीटरवर असतं. त्यांना समजावून काही होत नाही. समजवायचं आहे ते वरच्या कार्यालयांना, आणि तेही कागदावर.

मी यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडे, तेलंगणाच्या सीमेलगतच्या एका खेड्यात राहते. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची सदस्य आहे. आमच्या पाण्यात फ्लोराईड आहे, ते दात आणि सांधे बिघडवतं. तुमच्याकडे नायट्रेट असेल, ते तान्ह्या बाळांना घातक. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटनं सर्वांत ग्रासलेल्या जिल्ह्यांमध्ये वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ ही नावं आहेत. पूर्णेच्या खोऱ्यात असाल तर जमिनीखालचं पाणीच खारट असलेला खारपाणपट्टा आहेच. दूषण कोणतंही असो, कागदाची वाट बहुतेक सारखीच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आकडा हातात घ्या

शेजारची म्हातारी मला म्हणायची, "बोरिंगचं पानी तं गोड लागते बाई, मंग खराब कसं?" तिचं म्हणणं बरोबरच होतं. फ्लोराईडला चव नाही, रंग नाही, वास नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं आणि फ्लोराईड दाट होतं. नायट्रेटचंही तसंच. म्हणून 'आमच्या गावचं पाणी खराब आहे' या वाक्याला कार्यालयात किंमत नाही. किंमत आहे ती आकड्याला.

आणखी एक गोष्ट इथंच सांगते, कारण तिच्यामुळे गावंच्या गावं फसतात. पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणारे खिशात टीडीएस मोजायचं पेनासारखं मीटर घेऊन फिरतात. पाण्यात बुडवून आकडा दाखवतात आणि पाणी चांगलं की वाईट ते सांगून मोकळे होतात. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांची बेरीज. त्यात फ्लोराईड किती, नायट्रेट किती, हे त्या मीटरला कळत नाही. टीडीएस पाचशेच्या आत आणि फ्लोराईड दुप्पट, असं पाणी असू शकतं.

घरोघरी नळाचं पाणी देण्याच्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे आणि गावाला तपासणी संच द्यायचा आहे. तो संच अनेक ठिकाणी ग्रामपंचायतीच्या कपाटात असतो. मागून घ्या. बाटल्यांवरची मुदत आधी पाहा, मुदत संपलेल्या द्रवाचा निकाल खोटा येतो. आमच्या संचात नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, द्रवाचे थेंब टाकायचे, हलवायचं, सांगितलेला वेळ थांबायचं आणि रंग कार्डाशी ताडायचा. फ्लोराईड वाढत जातं तसा गुलाबीपणा उतरून पिवळेपणा येतो. रंग सावलीत, पांढऱ्या कागदावर धरून पाहा, उन्हात डोळा फसतो. शाळेजवळच्या हातपंपाची नळी अशी पिवळी पडली तेव्हा भोवती उभ्या बाया एकदम गप्प झाल्या होत्या, कारण सगळ्यांची लेकरं तेच पाणी पीत होती.

पण संचाचा निकाल हा इशारा समजा. पुरावा म्हणून प्रयोगशाळेचाच अहवाल लागतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळा आहेत, तिथं नमुना द्यायचा. गावच्या पाण्याची देखरेख करणारा जलसुरक्षक नमुने नेतो, पण पहिल्या वेळी त्याच्यासोबत समितीतलं कोणीतरी जावं.

नमुना घेताना एवढं पाळा. हातपंप असेल तर आधी चार-पाच मिनिटं हापसून पाइपातलं साचलेलं पाणी जाऊ द्या. विहीर असेल तर काठावरचं घेऊ नका, बादली मधोमध आणि थोडी खोल सोडा. रासायनिक तपासणीला एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची डबकी, म्हणजे कॅन, चालते, पण तेलाची किंवा फवारणीच्या औषधाची अजिबात नको. त्याच पाण्यानं तीनदा खंगाळा, काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा. जंतूंची तपासणी करायची असेल तर निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी लागते आणि ती थंड ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवावी लागते. डबकीवर गाव, ठिकाण, हातपंप की विहीर, तारीख, वेळ आणि नमुना घेणाऱ्याचं नाव लिहा. 'शाळेजवळचा' एवढ्यानं भागत नाही. गावात शाळेजवळ दोन हातपंप असले की पुढे सगळा घोळ होतो.

एकाच उद्भवावर थांबू नका. गावातल्या सगळ्या विहिरी, हातपंप आणि नळयोजनेची विहीर एकाच फेरीत तपासून घ्या. आमच्याकडे शाळेजवळच्या हातपंपात फ्लोराईड २.८ निघालं आणि नाल्याकाठच्या जुन्या उघड्या विहिरीत ०.७. फ्लोराईड खडकातून येतं. पाणी खडकात जितकं खोल आणि जितका काळ मुरतं तितकं ते जास्त उतरतं, म्हणून खोल बोअर उथळ विहिरीपेक्षा वाईट निघणं नवलाचं नाही. गावात एकतरी चांगला उद्भव सापडला तर पुढची अर्धी लढाई सोपी होते.

अहवाल आला की भारतीय मानक १०५०० शी ताडा. मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये फ्लोराईड १ पर्यंत चांगलं, दुसरा उद्भव नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात, त्यापुढे नाही. नायट्रेट ४५ पर्यंत, त्यात सूट नाही. टीडीएस ५००, दुसरी सोय नसेल तर २०००. अहवालावर सही, शिक्का आणि नमुना क्रमांक आहे ना ते पाहा आणि झेरॉक्स काढून ठेवा.

जबाबदारी कोणाची, ते एकदा नीट समजून घ्या

गावात ठरलेलं उत्तर मिळतं: ग्रामसेवक पंचायत समितीकडे बोट दाखवतो, पंचायत समिती जिल्हा परिषदेकडे. प्रत्येकाचं थोडं थोडं खरं असतं. गावाला पिण्याचं पाणी पुरवणं हे कायद्यानं ग्रामपंचायतीचं काम आहे, राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतही पिण्याचं पाणी पंचायतींच्या विषयांत आहे. योजना आखणं, अंदाजपत्रक करणं, बांधणं हे जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाचं, तिथले कार्यकारी अभियंता. अनेक गावांची मोठी प्रादेशिक योजना असेल तर महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. जमिनीखाली पाणी कुठं आहे आणि कसं आहे हे सांगणं भूजल यंत्रणेचं, तिथले वरिष्ठ भूवैज्ञानिक. आणि तातडीची सोय, म्हणजे टँकर आणि खाजगी विहिरींचं अधिग्रहण, हे महसूल प्रशासनाचं, म्हणजे तहसीलदारांपासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत.

या सगळ्यांच्या वर घटनेचं कलम २१ आहे. जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाण्याचा हक्क येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात १९९१ सालीच म्हटलेलं आहे. अर्जात ही एक ओळ जरूर लिहा. आपण मेहेरबानी मागत नाही, हे वाचणाऱ्याला पहिल्याच परिच्छेदात कळलं पाहिजे.

दूषण कारखान्याचं किंवा खाणीचं असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे वेगळी लेखी तक्रार करा. पण ती चौकशी संपेपर्यंत गावानं तहानलेलं राहायचं, असं कुठंही लिहिलेलं नाही. दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या.

ठराव असा लिहा की पळवाट राहू नये

ग्रामसभेच्या आदल्या महिला सभेत विषय घ्या. पाणी भरतात बाया आणि मोठ्या सभेत बोलतात पुरुष. महिला सभेचा ठराव आधी नोंदवलेला असला की तो मोठ्या सभेपुढे ठेवावाच लागतो. विषयपत्रिकेत 'आयत्या वेळचे विषय' मध्ये पाणी ढकलू देऊ नका, स्वतंत्र विषय लिहून घ्या.

'गावाला शुद्ध पाणी मिळावे' असा ठराव मी कितीतरी गावांच्या इतिवृत्तात पाहिला आहे. त्यावर कोणालाच काही करावं लागत नाही. ठराव साधारण असा हवा:

"गावातील जि. प. शाळेच्या उत्तरेकडील हातपंपाच्या पाण्यात प्रयोगशाळेच्या अमुक तारखेच्या, अमुक क्रमांकाच्या अहवालानुसार फ्लोराईड २.८ मि.ग्रॅ. प्रति लिटर आढळले असून ते भारतीय मानक १०५०० च्या मर्यादेपेक्षा जास्त आहे. या उद्भवावर अमुक कुटुंबे अवलंबून आहेत. सबब ही ग्रामसभा मागणी करते की, सदर वस्तीची पाणी गुणवत्ता बाधित वस्ती म्हणून नोंद व्हावी. पर्यायी सुरक्षित उद्भव सुरू होईपर्यंत पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी प्रति माणशी रोज किमान ८ ते १० लिटर सुरक्षित पाणी द्यावे. भूजल यंत्रणेने नव्या उद्भवाचे सर्वेक्षण करून लेखी अहवाल द्यावा. आणि त्यावर आधारित योजनेचे अंदाजपत्रक ग्रामीण पाणीपुरवठा विभागाने ग्रामसभेपुढे ठेवावे."

आठ ते दहा लिटर हा आकडा माझ्या मनाचा नाही. फ्लोराईड-आर्सेनिकसारख्या दूषणानं बाधित वस्त्यांना कायमची योजना होईपर्यंत पिण्या-रांधण्यापुरतं एवढं पाणी शुद्धीकरण केंद्रातून द्यावं, असं जलजीवन मिशनच्याच मार्गदर्शक सूचनांत आहे. कायमच्या योजनेत घरटी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर. १५ ऑगस्ट २०१९ ला मिशन जाहीर झालं, आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्याची मुदत २०२८ पर्यंत वाढवल्याचं सांगितलं गेलं. 'योजनेची मुदत संपली' असं कोणी म्हटलं तर हे सांगा.

सूचक, अनुमोदक, 'सर्वानुमते मंजूर' आणि ठराव क्रमांक इतिवृत्तात आलाच पाहिजे. ठरावाची नक्कल, सगळे अहवाल आणि हातानं काढलेला गावचा साधा नकाशा (कुठला उद्भव लाल, कुठला चांगला) असा एकच संच करा. गटविकास अधिकारी, ग्रामीण पाणीपुरवठ्याचे कार्यकारी अभियंता, वरिष्ठ भूवैज्ञानिक, मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हाधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी, सगळ्यांना एकाच तारखेला द्या. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. "ठेवून जा, साहेब आले की देतो" म्हणाले तरी शिक्का घेतल्याशिवाय उठायचं नाही. एका कार्यालयात आम्हाला 'असा अर्जच आला नाही' असं तोंडावर सांगितलं होतं. शिक्क्याची प्रत पुढे ठेवली, मग फाईल निघाली.

कोलाम पोडांसाठी, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांसाठी, वेगळं सांगते. पोडावर घरं थोडी, म्हणून ती मुख्य गावाच्या हिशेबात दबून जातात. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू आहे तिथं, वस्तीची स्वतंत्र ग्रामसभा घोषित होऊ शकते, तिथंच ठराव घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमनमध्ये कोलामांसारख्या आदिम जमातींच्या वस्त्यांपर्यंत नळाचं पाणी नेणं आहे, त्याचा उल्लेख करून प्रत आदिवासी प्रकल्प कार्यालयालाही द्या.

दातांची नोंद

आरोग्य अधिकाऱ्यांकडे ठराव देण्याचं कारण असं. दुधाचे दात पडून नवे येतात ते जन्मापासूनच्या पहिल्या आठ वर्षांत हिरडीच्या आत घडत असतात. त्या वयात फ्लोराईड जास्त गेलं की दातावर आधी खडूसारखे पांढरे पट्टे, मग पिवळे-तपकिरी डाग येतात आणि ते घासून जात नाहीत. मोठ्या माणसांत पुढं कंबर, गुडघे, मान आखडते. फ्लोरोसिस प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ पासून आहे. त्याखाली शाळेतल्या मुलांची तपासणी मागा, आणि निष्कर्ष लेखी घ्या. पाण्याचा आकडा आणि मुलांच्या दातांचा अहवाल एका पिनेत लागला की फाईल बाजूला सारणं अवघड जातं. शिक्षकांना सांगा, डाग असलेल्या लेकरांना वर्गात उभं करून दाखवू नका. आमच्याकडे एक मुलगी त्या दिवसापासून तोंडावर हात धरून हसते.

नायट्रेटच्या गावात काळजी तान्ह्या बाळांची. वरच्या दुधात असं पाणी मिसळलं तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते आणि ओठ, नखं निळी पडू शकतात. आशाताईंना हे माहीत असायला हवं. नायट्रेटचं मूळ बहुतेक वेळा आपल्याच गावात असतं: विहिरीला लागून उकिरडा, शोषखड्डा, वरच्या शेतातला युरिया. ते दूर करणं आपल्या हातात आहे आणि त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहू नये.

योजना होईपर्यंत

गावातच चांगली विहीर असेल तर तिच्या अधिग्रहणाची मागणी तहसीलदारांकडे करा. टंचाई आराखडा बनतो तेव्हा आपल्या गावाचं नाव त्यात टाकायचा ठराव वेळेत पोचवा, आणि 'पाणी आहे पण पिण्याजोगं नाही' हे आकड्यासह लिहा. अधिकारी विहिरीत डोकावून पाणी दिसतं म्हणून नाव खोडतात, तेव्हा हाच कागद कामी येतो.

पाणी बारीक पडद्यातून गाळणारं आरओचं केंद्र देऊ केलं तर घ्या, पण तात्पुरतं म्हणून, आणि तसं ठरावात लिहून. बिल कोण भरणार, पडदा कोण बदलणार, बिघडल्यावर किती दिवसांत दुरुस्त होणार, हे करारात हवं. गाळून उरलेलं जे सांडपाणी ते बाहेर टाकतं, ते मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षारांचं असतं. ते विहिरीजवळच्या खड्ड्यात सोडलं तर आपणच आपली विहीर बिघडवतो. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराईड काढायची नालगोंडा पद्धत नागपूरच्याच नीरी संस्थेनं काढली. चांगली आहे, पण तुरटीचं प्रमाण पाण्यागणिक बदलतं. माहितगाराकडून प्रमाण ठरवून घेतल्याशिवाय घरी करू नका.

घरात एवढं करता येतं: काळा चहा आणि काळं मीठ कमी करा, दोन्हींत फ्लोराईड असतं. दूध, तीळ, शेवगा, आवळा, लिंबू पोटात जाऊ द्या.

नवा उद्भव कुठं, इथं डोळ्यांत तेल घाला

सगळ्यात जास्त पैसा आणि वर्षं वाया जातात ती इथं. जुन्या बोअरच्या बाजूला, त्याच खडकात, आणखी खोल बोअर मारतात. पाणी भरपूर लागतं, फोटो निघतात, आणि फ्लोराईड पहिल्यापेक्षा जास्त निघतं. म्हणून अंदाजपत्रकाआधी भूजल यंत्रणेचा उद्भवाचा दाखला मागा, आणि त्यात पाणी किती एवढंच नाही, पाणी कसं हेही हवं. चाचणी बोअर घेतला तर टाकी आणि पाइपलाइनचा खर्च मंजूर होण्याआधी त्याचा रासायनिक अहवाल ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे. गाळाच्या भागातली, नदी-नाल्याकाठची उथळ विहीर पुष्कळदा बरी निघते. तिला पाणी टिकावं म्हणून वर बंधारा किंवा पुनर्भरण लागतं, तेही योजनेतच धरायला सांगा.

आणि परिसरातला सगळाच खडक वाईट असेल तर बोअरचा नाद सोडा. धरणाचं किंवा नदीचं पाणी मागा. खारपाणपट्ट्यात शेवटी हेच करावं लागलं, वान आणि शहानूर धरणांवरून गावोगाव पाइपलाइन नेल्या. 'एका गावासाठी एवढा खर्च?' असं विचारतील. आजूबाजूच्या बाधित गावांचे ठराव एकत्र जोडा, म्हणजे तो प्रश्न उरत नाही.

पैशाची दारं एकापेक्षा जास्त आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या ग्रामपंचायत निधीत ३० टक्के रक्कम पाण्यासाठी बांधून दिलेली होती, ती कशावर गेली ते ग्रामसभेत विचारा. वणी, चंद्रपूर, उमरेडसारख्या खाणपट्ट्यात खाणींकडून जमा होणारा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे आणि पिण्याचं पाणी हा त्यातला अग्रक्रमाचा विषय आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो.

फाईल अडली तर

महिना-दीड महिना वाट पाहा, मग माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, उत्तर तीस दिवसांत. 'आमच्या पाण्याचं काय झालं' असं विचारू नका. विचारा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर कोणत्या तारखेला, कोणत्या अधिकाऱ्यानं काय शेरा लिहिला, त्याच्या प्रती द्या. गेल्या तीन वर्षांतल्या आमच्या गावच्या सगळ्या रासायनिक तपासणी अहवालांच्या प्रती द्या. वर्षातून एकदा तरी रासायनिक तपासणी व्हायला हवी, त्यामुळे या दुसऱ्या प्रश्नातच बरंच कळतं. त्यासोबत महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात तक्रारी ऐकायच्या लोकशाही दिनात विषय लावा; तिथं वैयक्तिक तक्रारच घेतात, म्हणून ती आपल्या घराच्या नावानं लिहा, आणि अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.

योजना झाली की ठेकेदार आणि अभियंता हस्तांतरणाच्या कागदावर ग्रामपंचायतीची सही मागतात. घाई करतात, कारण शेवटचं बिल त्यावर अडलेलं असतं. सही करण्याआधी विहिरीचा, टाकीचा आणि गावातल्या अगदी शेवटच्या घरच्या नळाचा, असे तीन नमुने प्रयोगशाळेत द्या. तिन्ही अहवाल येऊन ग्रामसभेत वाचले गेले की सही करा, आणि पुढच्या वर्षीच्या तपासणीचा महिना त्याच ठरावात लिहून टाका.